पुरसा राहून गेला

आमच्या घरात अम्मीची बरसी वर्षातून दोनदा येते. एकदा १ मेला आणि एकदा रमजानच्या अठराव्या रोजाला. २०२१ साली हे दोन्ही दिवस एकच होते. पुढं चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकत गेलं आणि दोन बरस्यांमधलं अंतर वाढत गेलं. यंदा, २०२५ साली, अठरावा रोजा १९ मार्चला येतोय. म्हणजे मध्ये सहा आठवडे. धाकटा भाऊ म्हणतो, "भाई, एकदाच काय ते ठरवून टाकू." आपाला दोन्ही दिवस हवे असतात. बरसी करावी की करू नये यावर आमच्या मौलानांमध्ये मतभेद आहेत. त्यात मी शिरत नाही. आम्ही त्या दिवशी दोन-चार गरजू घरी इफ्तारीचं सामान पोहोचवतो, फातिहा पढतो आणि अम्मीच्या गोष्टी काढतो. गोष्टी काढणं मात्र आम्हाला फार उशिरा जमलं.

त्या वर्षीचा रमजान वाचकांना आठवत असेल. १३ एप्रिलला गुढीपाडवा झाला. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि पहिला रोजा. त्याच रात्री आठ वाजल्यापासून महाराष्ट्रात संचारबंदी सुरू झाली. तीन समाजांचे तीन मोठे दिवस असे पाठोपाठ आले आणि तिन्ही घरातल्या घरात पार पडले. मशिदी बंद होत्या, तरावीह गच्चीवर चार माणसांत व्हायची. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि बावीस रुग्ण गेले. आमच्या जळगाव जिल्ह्यात ती बातमी आली तेव्हा जवळजवळ प्रत्येक गल्लीतलं कुणीतरी कुठल्यातरी ऑक्सिजनवर होतं. इफ्तारची दुआ करताना लोक सिलिंडर मागत होते.

सरकारी आकड्यांनुसार या साथीत देशात ५ लाख ३३ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली सुमारे १ लाख ४८ हजार एकट्या महाराष्ट्रातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज भारतासाठी ४७ लाखांच्या घरात मांडला. भारत सरकारनं तो अमान्य केला. खरा आकडा कुठला हे तज्ज्ञ ठरवोत. मला एवढंच दिसतं की खालचा आकडा धरला तरी पाच लाखांहून जास्त घरांत कुणीतरी गेलं, आणि त्यातल्या बहुतेक घरांत भेटायला कुणी आलं नाही.

हे "कुणी न येणं" काय असतं ते कळण्यासाठी आधी "येणं" काय असतं ते सांगायला हवं.

माझे अब्बा २००९ साली गेले. सकाळी नऊला गेले आणि दहाच्या आत गल्लीत सतरंज्या पडल्या होत्या. कुणी टाकल्या, आजतागायत माहीत नाही. कब्र खोदायला पोरं निघून गेली, कुणी बाजारातून कापूर आणि अत्तर आणलं, कुणी मालेगावला आपाला फोन लावला. मला काहीच करावं लागलं नाही. मी फक्त बसलो होतो, आणि येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारत होता: "कसं झालं?" मी सांगत होतो. रात्री छातीत दुखलं, पाणी मागितलं, मग पहाटे बोलले ते शेवटचं. दिवसभरात हे मी पन्नासएक वेळा सांगितलं असेल. संध्याकाळी घसा बसला होता. पण जे सकाळी खरं वाटत नव्हतं, ते संध्याकाळी खरं वाटायला लागलं होतं.

तीन दिवस आमची चूल पेटली नाही. आमच्यात मयताच्या घरी नातेवाईक आणि शेजारी जे जेवण पाठवतात त्याला उर्दूत "कडवी रोटी" म्हणतात. मराठीत "कडू घास". दोन भाषांनी एकमेकींची नक्कल केली असं मला वाटत नाही. त्या जेवणाची चवच तशी असते. याचा आधार आम्ही पैगंबरांच्या काळात शोधतो: मुअताच्या लढाईत जाफर बिन अबी तालिब शहीद झाले तेव्हा पैगंबरांनी लोकांना सांगितलं होतं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना सुचणार नाही. आणि अब्बांच्या वेळी पहिला डबा आला तो आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या मावशींकडून. पिठलं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, एसटीत चालक होते. त्या दिवशी त्यांनी ड्यूटी बदलून घेतली आणि घरापासून कब्रस्तानापर्यंत जनाजाला खांदा दिला. पुढं जागा बदलायला लोक येत होते, पण काका शेवटपर्यंत हटले नाहीत. अब्बांच्या कब्रीत त्यांच्या हातची तीन मुठी माती आहे.

सप्टेंबर २०२०मध्ये काका गेले. पहिली लाट होती. जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात होते, तिथूनच परस्पर स्मशानात नेलं. मोठा मुलगा पुण्याला अडकलेला, धाकटा स्वतः पॉझिटिव्ह. त्यांच्या दाराला बांबू आणि पत्रे ठोकले होते. मी आमच्या खिडकीतून ते पत्रे पाहत होतो.

अम्मीनं त्या संध्याकाळी विचारलं, "भाकरी कोण पाठवणार त्यांना?" मी म्हणालो, "अम्मी, अभी नहीं." ती पुन्हा म्हणाली, "त्यांच्याकडे चूल पेटली नसेल." मी जरा आवाज चढवला. घरात तू आहेस, साखरेची रुग्ण आहेस, लहान मुलं आहेत, सरकारनं मनाई केली आहे. सगळं खरं होतं. ती काही बोलली नाही, वुजू करायला निघून गेली. मी भिंतीपलीकडे गेलो नाही. फोन केला, पण मावशींचा फोन लागला नाही आणि लागला नाही याचं मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते. पण गावात हे एकट्या माझ्या घरात झालेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

सात महिन्यांनी आमची पाळी आली.

अम्मीला भावानं दवाखान्यात नेलं. सात दिवस होती. १ मेला सहरीच्या वेळी फोन आला. आमच्या घरात सहरीला उठवायचं काम कायम अम्मीचं. तिच्या नावानं सगळे उठायचो, आणि त्या दिवशी तिच्याच बातमीनं उठलो. आपा मालेगावला स्वतः आजारी होती. तिनं सगळं मोबाईलवर पाहिलं, म्हणजे कब्रस्तानाचं फाटक पाहिलं, कारण त्यापलीकडे मोबाईल धरायचं माझं धाडस झालं नाही.

अम्मी २०११ साली हजला गेली होती. येताना अनेक हाजी आणतात तसं तिनं स्वतःसाठी कफनाचं कापड जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणलं होतं. ते लोखंडी पेटीत तळाशी, सुती चादरीत गुंडाळून ठेवलेलं. घरातल्या प्रत्येकाला जागा माहीत होती. तिची एकच सूचना होती: गुस्ल आपानं द्यायचं, आणि कफन हे घालायचं. दोन्हींतलं काहीच झालं नाही. शरीर बांधून मिळालं. उलेमांनी त्या काळात गुस्लऐवजी तयम्मुमची सवलत सांगितली होती, ते केलं. कब्रस्तानात पांढऱ्या किटमधली चार पोरं होती. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला, चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून ओळखला. माती द्यायला मला आणि भावाला पुढं येऊ दिलं. पण हातमोजे घालून दिलेली माती हाताला लागत नाही.

नंतर कधीतरी मी केंद्र सरकारच्या मार्च २०२०च्या सूचना वाचल्या. त्यात आंघोळ घालायला, मिठी मारायला मनाई होती. पण अंतर राखून चेहरा पाहायला आणि स्पर्श न करता धर्मग्रंथातलं पढायला परवानगी होती. त्या पहाटे हे कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असणाऱ्यांना सांगायला वेळ नव्हता. मीही विचारलं नाही. शिकलेला माणूस मी, पीजी केलेला, आणि मी साधं विचारलं नाही की एकदा तोंड पाहू का?

त्याच दिवशी मगरिबच्या पाच मिनिटं आधी भिंतीवर ठक असा आवाज झाला. स्टीलचा डबा. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. मावशींनी इफ्तारची वेळ साधली होती. पलीकडून फक्त "भाऊ, घ्या" एवढंच ऐकू आलं. मी डबा उचलला तेव्हा सप्टेंबरातली संध्याकाळ आठवली आणि घास गिळताना त्रास झाला. तरी खाल्लं. रोजा त्यावरच सोडला.

त्या वर्षी ईद १४ मेला आली आणि त्याच दिवशी अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात ही आखाजी, सासुरवाशिणींचा सण आणि पितरांचाही. घागर पुजतात, तिच्यावर डांगर ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास पितरांच्या नावानं काढतात. काकांच्या नावाची ती पहिली आखाजी होती. आमची अम्मीविना पहिली ईद. दोन्ही घरांत पाहुणे नव्हते. इतकी वर्षं आमच्याकडून शीरखुर्मा जायचा आणि त्यांच्याकडून सांजोऱ्या यायच्या. त्या दिवशी भिंतीवरून काहीच गेलं-आलं नाही.

आता सब्रविषयी. आमच्यात कुणाच्या घरी मयत झाली की येणारा पहिला शब्द असतो सब्र. "सब्र करो." मराठीत म्हणतात, "धीर धरा." यात वाईट काही नाही. पण हळूहळू या शब्दाचा अर्थ "गप्प बसा" असा झाला आहे. त्या उन्हाळ्यात तर फोनवरून, मेसेजवरून इतका सब्र आला की ठेवायला जागा उरली नाही. भाऊ एका शब्दानं बोलत नव्हता आणि नातेवाईक कौतुकानं म्हणत होते, "माशाअल्लाह, केवढा सब्र आहे."

ज्यांना सब्र म्हणजे न रडणं वाटतं त्यांनी कुरआनातली याकूब पैगंबरांची गोष्ट पुन्हा वाचावी. यूसुफ हरवल्यावर ज्या याकूबांनी "सुंदर सब्र" हा शब्द उच्चारला, तेच याकूब मुलाच्या आठवणीत रडून रडून डोळे पांढरे पडेपर्यंत रडले. घरातले त्यांना टोमणे मारायचे, की आता पुरे, जीव जाईल. त्यांनी ऐकलं नाही. दुःख अल्लाहसमोर मांडत राहिले. एकाच माणसात सब्रही आहे आणि हे रडणंही आहे, आणि त्यात काही विसंगती आहे असं कुरआन कुठंही सुचवत नाही. पैगंबर मुहंमद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्या मांडीवर गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. सोबतच्या एकाला नवल वाटलं, आपणसुद्धा? त्यांनी सांगितलं की ही दया आहे.

माझा भाऊ गप्प होता त्याचं कारण सब्र नव्हतं. "मी नेलं नसतं तर" एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. दवाखान्यात त्यानं नेलं होतं. गेटवर अम्मीनं त्याचा हात धरला होता आणि वॉर्डबॉयनं तो सोडवला होता. हे त्यानं आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं. तोपर्यंत त्याला ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की तो मोटारसायकल बाजूला घेऊन उभा राहायचा. सहरीला उठायचा नाही, उपाशीपोटीच रोजा धरायचा. शेवटी वहिनीनं हट्ट करून मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. घरातल्या काहींना ते पटलं नव्हतं, मलाही आधी नव्हतं, हेही सांगून टाकतो. आमच्याकडे दुआ आणि डॉक्टर यांत निवड करायची असते अशी एक समजूत आहे. का, ते कळत नाही. मधुमेहाला कुणी असं म्हणत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या थोड्या दिल्या आणि बोलतं जास्त केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान मिळालं आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही तीव्र ओढ, अपराधीपणा, रोजचं जगणं ठप्प होणं, आणि तेही त्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त, अशी काहीशी त्याची व्याख्या आहे. "त्या समाजाच्या रीतीपेक्षा" हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. शरियतनं सोगासाठी तीन दिवस सांगितले, पत्नीसाठी चार महिने दहा दिवस. हिंदूंमध्ये दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. आमच्या भागात छापल्या जाणाऱ्या पत्रिकांवर "गंधमुक्ती" आणि "द्वारदर्शन" असतं. या सगळ्या रीती म्हणजे शोकाला दिलेल्या पायऱ्या. २०२०-२१मध्ये पायऱ्याच नव्हत्या आणि माणसं तशीच वरच्या मजल्यावरून खाली आली. कुणाचं काय मोडलं ते नंतर कळत गेलं. ज्यांना आजही झोप येत नाही, त्यांच्यासाठी सरकारची "टेलिमानस" ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६.

दरम्यान एक मजेशीर गोष्ट घडली, मजेशीर म्हणजे वाईट अर्थानं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोविडमृत्यूसाठी वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले. त्याचा अर्ज भरताना मला एक-एक रकाना भरावा लागला: लक्षणं कधी सुरू झाली, कुठं दाखल केलं, किती दिवस, मृत्यूची वेळ. भरता भरता लक्षात आलं की अम्मीला काय झालं होतं हे मला इतक्या तपशिलानं आजवर फक्त या अर्जानं विचारलं आहे.

उर्दूत मयताच्या घरी भेटायला जाण्याला "पुरसा देणं" म्हणतात. वर्गात हा शब्द मी दरवर्षी शिकवतो. तो फारसीतल्या "पुर्सीदन"पासून आला, म्हणजे विचारणं. मराठीत "विचारपूस"मधलं जे पुसणं आहे, त्याचं मूळ संस्कृत "पृच्छ्"मध्ये, आणि फारसी पुर्सीदन त्याच घराण्यातलं. म्हणजे पुरसा आणि पुसणं लांबच्या नात्यानं बहिणी लागतात. डोळे पुसण्यातलं पुसणं वेगळ्या धातूपासून आलेलं आहे, पण मराठीनं दोन्हींचा आवाज एक करून टाकला. इतकी वर्षं हे शिकवलं. पण सांत्वन म्हणजे आपण काहीतरी सांगणं असंच समजत राहिलो. अल्लाह की मर्जी, देवाची इच्छा, चांगल्या माणसांना देव लवकर नेतो. शब्द तर सरळ विचारायला सांगतो आहे. कसं झालं? आणि मग ऐकत बसायचं.

२०२२ साली पुन्हा योग असा की ईद आणि आखाजी एकाच दिवशी, ३ मेला. ईदगाहची नमाज दोन वर्षांनी मोकळेपणानं झाली. गळाभेटी झाल्या. घरी आलो, बायकोनं शीरखुर्म्याचं भांडं हातात दिलं, आणि मी मागच्या भिंतीकडे न जाता रस्त्यानं फिरून मावशींच्या पुढच्या दारानं गेलो. वीस महिने उशीर झाला होता. घागर पुजलेली होती, वर डांगर, शेजारी काकांचा एसटीच्या गणवेशातला फोटो. काय बोलावं याची मी वाटभर तयारी केली होती. ते सगळं विसरलो आणि म्हणालो, "मावशी, काकांचं कसं झालं?"

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग बोलायला लागल्या. दोन तास बोलल्या. ताप कधी आला, रिक्षा कुणी आणली, काकांनी जाताना देवघराकडे पाहिलं नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून काकांचा फोन आला, चष्मा राहिला आहे, पाठवा, मला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. धाकट्यानं चष्मा एका माणसाबरोबर गेटवर पाठवला. तो आत पोहोचला की नाही, हे त्यांना आजवर कळलेलं नाही. सामान परत आलं त्यात चष्मा नव्हता. "मिळाला असंल का भाऊ त्यांना?" त्यांनी विचारलं. मी काही बोललो नाही. काय बोलणार? मिळाला असेल असं म्हणणं सोपं होतं, पण त्यांना ते नको होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आईनं खिचडी दिली होती ना, ती आमी दोघांनी खाल्ली. तेवढीच."

मला कळेना. कुठली खिचडी?

काका गेले त्या रात्री, आम्ही झोपल्यावर, अम्मीनं भिंतीवर पातेलं ठेवलं होतं. मुगाची खिचडी आणि लोणचं. काठीनं पत्र्यावर टकटक केलं आणि मागं सरकून उभी राहिली. मावशींनी पातेलं उचलेपर्यंत अंधारात उभी होती. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्रीही. तीन दिवस. मावशी म्हणाल्या, "मला म्हणे, माझ्या पोराला सांगू नका, तो घाबरतो."

मी तिथं बसून रडलो. अम्मी गेल्यानंतर एक वर्ष उलटलं होतं आणि पहिल्यांदा पोटभर रडलो. मावशी उठल्या नाहीत, पाणी आणायला गेल्या नाहीत, गप्प बसा म्हणाल्या नाहीत. रडून झाल्यावर म्हणाल्या, "आता तुमच्या आईचं सांगा. कसं झालं?" मी पहिल्यापासून सांगितलं.

त्या काळात मुस्लिम तरुणांनी अनेक ठिकाणी हिंदूंच्या अंत्यविधीसाठी खांदे दिले, चिता रचल्या. अकोला, यवतमाळ, मुंबई, बातम्या सगळीकडे आल्या आणि याच पानांवर त्याविषयी लिहिलंही गेलं. मला त्या पोरांचा अभिमान आहे. पण असल्या कौतुकात एक सोय असते, ती कबूल करायला हवी. चार पोरांचा फोटो छापून आला की उरलेल्या आम्हा सगळ्यांचं पुण्य त्यातच जमा धरलं जातं. आम्ही खिडकीत उभे होतो हे कुठल्या फोटोत येत नाही.

आपाचं दुःख वेगळं होतं, आणि माझ्यावरचा रागही. "कफन पेटीत होतं, तुला माहीत होतं." मी खुलासे द्यायचो, ती ऐकायची नाही. पेटी तिनं मालेगावला नेली. २०२३च्या हिवाळ्यात तिच्या मोहल्ल्यात एक एकटी राहणारी बेवा बाई वारली. जवळचं कुणी नव्हतं, गुस्ल द्यायला बायका कमी पडत होत्या. आपानं तोपर्यंत कधी कुणाला गुस्ल दिलं नव्हतं. त्या दिवशी ती गेली. कोमट पाणी, बोरीची पानं, कापूर, सगळं रीतीनं केलं. केस विंचरले. आणि अम्मीचं ते जमजमचं कफन त्या बाईला घातलं. रात्री मला फोन केला, म्हणाली, "आज अम्मीला नहाऊ घातलं." मी विचारलं, सांग, कसं केलंस? तिनं सगळं सांगितलं, पाणी किती गरम होतं तेही. त्यानंतर कफनाचा विषय तिनं कधी काढला नाही. आता मोहल्ल्यात कुठं बाई वारली की आपाला बोलावणं येतं.

हे सगळं रमजानमध्ये आठवतं याला कारण आहे. परंपरेनुसार हजरत खदीजा याच महिन्यात, दहाव्या रमजानला गेल्या. पंचवीस वर्षांचा संसार. त्याच सुमारास चुलते अबू तालिबही गेले आणि पैगंबरांच्या चरित्रातलं ते वर्ष "आमुल हुज्न", दुःखाचं वर्ष, म्हणून ओळखलं जातं. त्यानंतरही कितीतरी वर्षं घरात बकरी कापली की पैगंबर त्यातलं मटण खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. हदीसमध्ये ही नोंद आहे आणि हजरत आयशांना त्याचा थोडा हेवा वाटायचा, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे. दुःखाचं वर्ष संपलं, पण मैत्रिणींकडे वाटा जाणं थांबलं नाही.

अम्मीची एक मैत्रीण भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे आमचं काम सोपं आहे. बाकीच्यांची मी गेल्या वर्षी एक यादी केली. आमच्या आणि मागच्या गल्लीत त्या दोन वर्षांत ज्यांच्याकडे कुणी गेलं आणि मी गेलो नाही, अशी अकरा घरं निघाली. शिंपी, एक निवृत्त तलाठी, भाजीवाली आणि तिचा मुलगा, कॉलेजातला शिपाई. सात झाली. एका घरी त्यांनी दार अर्धवटच उघडलं, आता काय उपयोग असं म्हणाले, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. बाकी सहा घरांत चहा झाला, मग दुसरा चहा झाला.

चार उरली आहेत. शिपायाची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे, एस.वाय.ला. तिचे वडील रोज सकाळी माझ्या वर्गाचं कुलूप उघडायचे. ती पहिल्या बाकावर बसते आणि मी चार महिने तिच्याशी फक्त इजाफतीच्या नियमांबद्दल बोललो आहे. परवा तिला विचारलं, घरी आई कधी असते? म्हणाली, "सर, शिवणक्लासवरून साडेपाचला येते." इफ्तार साडेसहाच्या पुढं आहे. अठराव्या रोजाला तासभर आधी जाऊन येणार आहे. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, थांबा, मीपण येते.